लादी कोण पुसणार?

आमच्या गॅलरीचं दार दरवर्षी जूनअखेर अडकायला लागतं. जुलैत त्याला खांदा लावावा लागतो आणि दिवाळीच्या आसपास ते आपलं आपणच सैल होतं. मुलुंड पूर्वेच्या या घरात 38 वर्षं हेच चाललंय. माझे वडील सुतार होते, रे रोडच्या वखारीतून लाकूड आणायचे. कुणी पावसात दाराला रंधा मारायला बोलावलं तर जायचे नाहीत. म्हणायचे, "आत्ता तासलं तर मार्चमध्ये फटीतून शेजाऱ्यांचा टीव्ही दिसेल."

हे सगळं आठवायचं कारण, मुलाला आणि सुनेला घरात लाकडी जमीन हवी आहे. आमच्या मोझॅकच्या लाद्या पिवळ्या पडल्यात, दोन-चार पोकळ वाजतात. 'इंजिनिअर्ड वूड' नावाचा प्रकार म्हणे जुन्या लादीवरच, मध्ये फोमचा पातळ थर घालून बसवता येतो. फोडाफोड नको, डेब्रिजच्या गोणी नकोत. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, तेव्हा हा मुद्दा मलाही पटला. फक्त जमीन पंधरा-सतरा मिलिमीटरनी वर येणार, म्हणजे आत उघडणारं प्रत्येक दार खालून कापावं लागणार, हे कुणीच बोललं नव्हतं. सुताराच्या मुलीला ते आधी दिसतं.

घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका दुकानात गेलो. मी एक आगाऊपणा केला, आमच्याकडे 19 वर्षं लादी-भांडी करणाऱ्या बाईंनाही बरोबर नेलं. आत एसी असा की शाल हवी. विक्रेता मुलगा 'युरोपियन ओक', 'ओकचा ग्रेन' असं सारखं म्हणत होता आणि मला आमच्या तळमजल्यावरचे ओक आठवत होते.

वस्तू मात्र डोक्याने केलेली आहे, हे मान्य करते. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून खाली प्लायचे थर एक उभा, एक आडवा असे चिकटवतात. एक फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. वर खऱ्या लाकडाचा पातर. आपल्या हवेत अख्ख्या फळीपेक्षा हे नक्कीच कमी वाकडं होईल. मुलगा सांगत होता, "मॅडम, 14 मिलिमीटर जाडी." मी विचारलं, "त्यातलं वरचं लाकूड किती?" त्याने कॅटलॉग चाळला. 0.6 मिलिमीटर. म्हणजे पापड! चार मिलिमीटरचा पातर असेल तर पुढे एक-दोनदा घासून नवी करता येते. पापडाला पॉलिश पेपर लावलात तर खालचा प्लाय वर. शेजारीच लॅमिनेट होतं, त्याच्यावर तर लाकडाचा नुसता छापील फोटो आणि खाली दाबलेला भुसा. तीन फुटांवरून तिन्ही सारखीच दिसतात. नव्या टॉवरांच्या माहितीपत्रकात 'वुडन फिनिश' लिहिलेलं असतं ते वाचताना एवढं लक्षात ठेवा. फिनिश म्हणजे लाकूड नव्हे. करारनाम्यात कोणता थर किती जाड, हे लिहून मागा.

बाई तोवर गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "यावर पाणी किती चालतं?" मुलगा म्हणाला, घट्ट पिळलेलं फडकं चालेल, बादली नाही, फिनाइल नाही, सांडलं तर लगेच टिपायचं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, मग मी नुसती बघत बसू का?"

माझं म्हणणं तेवढंच आहे. जमीन दुकानात उभं राहून निवडतात ती माणसं ती पुसत नाहीत. आपल्या घरातली जमीन ही पाण्याची जागा आहे. सकाळी पिंप भरताना सांडतं, आंघोळ करून ओल्या पायांनी देवापुढे जातात, समईचं तेल ओघळतं. गणपतीच्या दिवसांत दारातून येणाऱ्याचे पाय पावसाचेच असतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही अख्खा हॉल धुऊन पाणी गॅलरीच्या मोरीकडे खराट्याने लोटतो. अंधेरीला भावाचं घर तळमजल्यावर. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच्या घरात मांडीएवढं पाणी होतं. दिवाण गेला, कपाट गेलं. मोझॅकची लादी मात्र चार बादल्या पाणी आणि फिनाइलने जशीच्या तशी!

दुकानातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं की खोलीतली आर्द्रता साधारण 35 ते 60 टक्के ठेवावी. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पलीकडे असते. विक्रेता मुलगा म्हणाला, एसी लावायचा. दिवसभर? आमच्या हॉलमध्ये तेव्हा पंख्याखाली दोरीवर कपडे वाळत असतात.

नमुन्याचे दोन तुकडे मागून आणले आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवले. माझा मुलगा हसला. सकाळी लॅमिनेटची कड चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखी फुगली होती, बोटाने भुसा निघत होता. इंजिनिअर्डचा तुकडा बरा होता. चिकटवलेले थर सुटले नव्हते, पण टेबलावर ठेवला तर डुलत होता. दोन दिवसांनी वाळला तेव्हा वरच्या लाकडात केसाएवढ्या तीन भेगा. बादलीत रात्रभर कोण ठेवतो, असं मुलगा म्हणाला. बरोबर आहे. पण बाथरूमच्या भिंतीतून गळती लागते तेव्हा ती रात्रभरच काय, महिनाभर कुणाला कळत नाही. बोरिवलीला बहिणीकडे तसंच झालं. बेडरूमची लाकडी जमीन मधोमध उंचावली तेव्हा कुठे पलीकडचा नळ तपासला.

तर आमचा तह असा झालाय. हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेजमध्ये चांगल्या खरखरीत व्हिट्रिफाइड लाद्या. म्हणजे फोडाफोड आलीच. मुलाच्या एका खोलीत, जिला बाथरूमची भिंत लागून नाही, सागाचा चार मिलिमीटर पातर असलेलं इंजिनिअर्ड. भिंतीकडेने आठ-दहा मिलिमीटरची फट स्कर्टिंगखाली सोडायची, फुगायला जागा म्हणून. खोके आधी दोन-तीन दिवस त्याच खोलीत ठेवायचे. सून म्हणाली, त्या खोलीत ती स्वतः पुसेल. बाईंनी हे चेहऱ्यावर काही न दाखवता ऐकलं.

काल दुकानातून फोन आला होता. सवलत ऑगस्टअखेरपर्यंतच आहे, माणसं पुढच्या आठवड्यात मोकळी आहेत. मी म्हटलं, सध्या आमचं गॅलरीचं दार अडकलंय, ते सुटलं की कळवते.