मागचा दिवा मागच्यासाठी असतो

आपल्या या समूहात वाड्यांच्या, गणेशोत्सवाच्या आणि आजीच्या हातच्या पदार्थांच्या आठवणी येतात, त्या मी आवडीने वाचतो. आज मात्र थोडं भांडायचं आहे, आणि तेही घरच्याच माणसांशी. विषय आहे गाडीचा मागचा बंपर. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आम्हा ग्वाल्हेरकरांना धुकं नवीन नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत चंबळच्या या पट्ट्यात असा कोहरा पडतो की समोरचं घर दिसत नाही. हवामान खात्याच्या भाषेत दोनशे मीटरच्या आत दिसलं तर दाट धुकं आणि पन्नासच्या आत अतिदाट. पूर्वी अशा दिवसांत फार तर गाडी उशिरा येई, आपण स्टेशनवर चहा पीत बसत असू. आता घरटी एक मुलगा नाही तर मुलगी नोएडा-गुडगावला आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, मुरैना, धौलपूर, आग्रा करत सव्वातीनशे किलोमीटर, आणि रविवारी रात्री परत. त्यात संक्रांतीची सुट्टी आणि लग्नसराई. म्हणजे ऐन धुक्यात, ऐन रात्री आपलीच मुलंबाळं त्या रस्त्यावर असतात.

आता हिशोब बघा, मला हिशोबाची सवय आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. पुढचं काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. पंचवीस मीटर नुसते विचारात गेले, गाडी थांबायला सुरुवातसुद्धा झालेली नाही. अशा वेळी तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमचा साधा टेल लॅम्प कधी दिसणार? तो पाच वॅटचा दिवा. धुक्यासाठी खास जो मागचा लाल दिवा असतो तो एकवीस वॅटचा. आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा प्रकाश किमान दीडशे कँडेला लागतो, साध्या टेल लॅम्पला चार कँडेलाही चालतात. फरक दुपटी-तिपटीचा नाही, कितीतरी पटींचा आहे.

आणि आपण काय करतो? पुढे पिवळे फॉग लाइट लावतो, कारण त्यात आपल्याला दिसतं. मागे लावत नाही, कारण त्याचा उपयोग दुसऱ्याला. इतका साधा स्वार्थ आहे हा, आणि तोही चुकीचा. मागचा दुसरा आहे खरा, पण तो येऊन आदळणार आपल्यावरच, आणि मागच्या सीटवर नातवंडं बसलेली असतात.

नोकरीत असताना वाहनकर्जाची किती कोटेशनं माझ्या टेबलावरून गेली त्याची गणती नाही. त्यात अॅक्सेसरीजची यादी असे. सीट कव्हर, अलॉय व्हील, क्रोमच्या पट्ट्या, गाणी वाजवायची यंत्रणा. मागच्या फॉग लाइटची ओळ एकाही यादीत पाहिल्याचं आठवत नाही. कंपन्याही काही कमी नाहीत. कित्येक मॉडेलांत स्वस्त प्रकाराला हा दिवा देतच नाहीत, महागाला देतात. जणू स्वस्त गाडीला धुकं लागत नाही!

माझा खरा राग मात्र हल्ली बाजारात जे चाललंय त्यावर आहे. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या बंपरात दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर असतात. ते काढून त्याच खाचेत एलईडीच्या पट्ट्या बसवून देतात. दुकानदार सांगतो, “अंकल, फॉग लाइट भी है, ब्रेक लाइट भी है, इंडिकेटर भी.” बंपरच्या पातळीत बसते, दिसते छान, तासाभरात काम होतं. आपले लोक खूश. एकाने तर फोटो टाकून लिहिलं होतं, “आता धुक्याची चिंता मिटली.”

मिटली नाही, वाढली. एक तर गाडी रात्री बंद पडून कडेला उभी असते, बॅटरी उतरलेली असते, तेव्हा विजेशिवाय चमकणारा रिफ्लेक्टर हाच काय तो आधार. नियमांतही मागे दोन लाल रिफ्लेक्टर लागतात. ते काढून नुसती पट्टी बसवली की तो आधार गेला. दुसरं म्हणजे फॉग लाइट आणि ब्रेक लाइट यांच्यात निदान दहा सेंटिमीटर अंतर हवं असं मानक सांगतं. कारण उघड आहे. दोन्ही लाल, दोन्ही प्रखर. एकाच पट्टीत दोन्ही कोंबले तर मागच्याला कळणार कसं की तुम्ही नुसते चालला आहात की ब्रेक मारला आहे? त्यातून ती लुकलुकणारी, धावणारी नक्षी! धुक्यात मागच्याला अंतराचा अंदाज हवा असतो, रोषणाई नको असते.

“मग काका, बसवायचंच नाही का?” बसवा ना. पण दिवा बसवा, दागिना नको. बंपरात खोचून बसणारा दिवा मला स्वतःला पसंत आहे. खाली पट्टीला लोंबणारा दिवा पहिल्या मोठ्या गतिरोधकावर वाकतो आणि मग जमीन उजळत राहतो. पण खोचायचा दिवा नीट बसवणं हे काम आहे. बंपर वळणदार आणि तिरका असतो. त्याच्या उतारावर दिवा तसाच चिकटवला तर तोंड आभाळाकडे नाही तर शेताकडे. ते सरळ मागे, जमिनीला समांतर हवं. उंची पाव मीटर ते एक मीटर. एकच लावायचा असेल तर आपल्याकडे उजव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. भोक पाडण्याआधी बंपरच्या आत काय आहे ते मिस्त्रीला बघायला सांगा. तिथे लोखंडी आडवी पट्टी असते, पार्किंग सेन्सर असतात, वायरी असतात. वायर टेल लॅम्पच्या वायरीला पीळ मारून जोडू देऊ नका. वेगळा फ्यूज, रिले, पाण्यापासून झाकलेला जोड आणि डॅशबोर्डवर स्वतंत्र बटण, ज्यात लावल्याची खूण पेटते. दिवा मान्यतेचा शिक्का असलेला घ्या. आणि सगळ्यात आधी तुमच्याच मॉडेलच्या महाग प्रकाराचा मूळ दिवा तुमच्या बंपरात बसतो का ते कंपनीच्या वर्कशॉपला विचारा. बसत असेल तर कापाकापीच नको, वॉरंटी आणि विम्याचा वादही नको.

काही जण म्हणतील, हजार्ड लाइट आहे की, चारही इंडिकेटर लावून जाऊ. चालत्या गाडीला ते लावलं की तुम्ही उभे आहात की चालला आहात हे मागच्याला समजत नाही, आणि वळताना तुमचा इंडिकेटरही मेला. आणखी काही जण उलट टोकाचे. फॉग लाइट आहे म्हणून स्वच्छ चांदण्या रात्रीही लावून फिरतात. मागच्याच्या डोळ्यांत सुया. धुकं विरळ झालं की बटण बंद, हाही त्या दिव्याचाच भाग आहे.

कोणी असंही म्हणेल की ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे साधा दिवा नसतो, आम्हीच का खर्च करायचा? ट्रॉलीचा मुद्दा खराच आहे, त्यासाठी आरटीओकडे भांडू या, मी सही करायला तयार आहे. पण शेजाऱ्याने दार उघडं ठेवलं म्हणून आपण कुलूप लावायचं सोडत नाही.

बेळगावकर मंडळी चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात हेच ढग अंगावर घेतात, त्यांना वेगळं सांगायला नको.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. यंदा नारळ फोडण्याआधी एक करा. बायकोला किंवा मुलाला मागे उभं करा, एकेक दिवा लावून विचारा, “पेटला का? लाल आहे का? सरळ दिसतो का?” पाच मिनिटं लागतात. रिफ्लेक्टर काढून पट्ट्या बसवल्या असतील तर मूळ रिफ्लेक्टर परत बसवून घ्या. आणि दिवा बसवलात तर इथे फोटो टाका. अलॉय व्हीलच्या फोटोला शंभर लाइक देणाऱ्या या समूहात त्याला पहिली लाइक माझी.