रब्बी गेली, उन्हाळा दवडूं नये

आपल्या वाशिम जिल्ह्यांत बहुतेक घरांची रीत अशी आहे कीं, सोयाबीन व तूर यांचा पैसा देणेकऱ्यांकडे जातो आणि घर चालतें तें हरभरा व गहूं यांवर. म्हणून हिवाळा कडक गेला, फुलोऱ्यांतील हरभरा थंडीनें खचला किंवा कापणीस आलेल्या गव्हावर गारा पडल्या, म्हणजे पिकाबरोबर घराचा धीरही जातो. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट आणि तिच्या मागून ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं विदर्भ-मराठवाड्यावर कोसळलेली गारपीट वाचक विसरले नसतील. अशा हिवाळ्यानंतर गांवोगांव एकच उद्गार ऐकूं येतो : “आतां मिरगापर्यंत करायचें काय?”

या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, ज्या वर्षीं रब्बी बुडते त्या वर्षींचा उन्हाळा हाच शेतकऱ्याचा सर्वांत मोलाचा हंगाम होय. मात्र तो एकट्या कर्त्या पुरुषाचा नव्हे, तर सर्व कुटुंबाचा असला पाहिजे.

प्रथम सरकारी मदतीविषयीं. पिकाचें ३३ टक्के वा अधिक नुकसान झाल्यास मदत देय होते; २०१५ पूर्वीं ही अट ५० टक्क्यांची होती. ही मदत म्हणजे भीक नव्हे, आणि तिच्यावरचा हक्क कोणीं सोडूं नये. पंचनाम्याच्या वेळीं शेतांत हजर राहावें, सात-बाऱ्यावरील पीक-नोंद तपासावी, बँकेचें खातें व आधार यांवरील नांव एकच आहे ना हें पाहावें. परंतु ज्याची नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली आहे, तो अनुभवानें सांगूं शकतो कीं, घरांतील तीन माणसें रोज तहसिलीच्या पायरीवर बसल्यानें कागद जलद चालत नाहीं. एकानें ठरल्या दिवशीं जाऊन चौकशी करावी. बाकीच्यांनीं शेत सांभाळावें.

आतां शेताकडे वळूं. आपला जिल्हा पठारावर वसला आहे. पैनगंगेचें पाणी गोदावरीस मिळून पूर्व समुद्रास जातें. काटेपूर्णेचें पाणी पूर्णेंतून तापीस व तेथून पश्चिम समुद्रास जातें. दोन्ही अंगांनीं उतार असलेल्या या मुलखांत पाणी थांबत नाहीं आणि जातांना मातीही नेतें. धुरे व बांध फुटले असतील तर ते नीट करण्यास पावसापूर्वींचे हेच दोन महिने. जवळच्या तलावांतील गाळ काढला जात असेल (या कामासाठीं २०१७ पासून शासनाची योजनाही निघाली), तर तो आपल्या बरड व हलक्या रानांत पसरावा. भारी काळ्या जमिनींत टाकून वाहतुकीचा खर्च वाढवूं नये.

नांगरट उताराला आडवी करावी. तापलेल्या ढेकळांतून किडींचे कोष वर येतात, ते उन्हानें मरतात व पांखरें वेंचतात. परंतु दरवर्षीं सर्वच रान खोल नांगरण्याची गरज नाहीं. तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट व एरवीं वखरणी केली तरी भागतें आणि डिझेलचा पैसा वांचतो. ज्यांच्याकडे कपाशी होती त्यांनीं पऱ्हाट्या रानांत वा धुऱ्यावर रचून ठेवूं नयेत. त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी अळी पुढच्या हंगामाची वाट पाहत बसते. २०१७ सालीं तिनें विदर्भाचें काय केलें हें सर्वांस ठाऊक आहे.

बियाणें ही तर घरची लक्ष्मी. सोयाबीन हें स्वपरागित पीक असल्यामुळें सरळ वाणाचें घरचें बीं दोन-तीन वर्षें वापरतां येतें. २०२० च्या खरिपांत विकतचें बियाणें न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. म्हणून बीं घरचें असो वा दुकानचें, परीक्षा केल्यावांचून पेरूं नये. सरसकट शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, गोणपाट ओलसर ठेवावें व आठवड्यानें चांगले मोड मोजावे. सत्तर वा अधिक आले तर एकरीं ३० किलो पुरे. कमी आल्यास त्या मानानें बीं वाढवावें. दाण्याची साल नाजूक असते, सबब पोतें आपटूं नये. हें काम सुटींतील मुलांकडे सोंपवावें. शंभर दाण्यांचें गणित त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षां लवकर समजेल.

घरांतील काम आपण सहसा हिशेबांत धरीत नाहीं. शेवया, कुरडया, पापड, मुगवड्या, लोणचें हीं भर पावसाळ्यांत भाजीचा खर्च वांचवितात. पण पुरुषांनीं दुपारभर पारावर बसावें आणि बायकांनीं शेतांतून येऊन पुन्हां चुलीपुढें तापावें, हा न्याय नव्हे. पहाटेपासून दहापर्यंत सर्वांनीं रानांत काम करावें, भर दुपारीं सर्वांनींच विसांवा घ्यावा आणि घरचें काम वांटून घ्यावें.

उन्हाळा केवळ राबण्यासाठींही नाहीं. मुलांनीं मामाच्या गांवीं जावें, आमरस खावा, रात्रीं अंगणांत बाजा टाकून सर्वांनीं एकत्र बसावें. अशाच एका रात्रीं कर्त्यानें घरच्या मंडळींपुढें देण्याघेण्याचा हिशेब मांडावा : सोसायटीचें किती, कृषिकेंद्राचें किती, पेरणीस किती लागेल आणि लग्नांत किती खर्च करावयाचा. २००६ सालीं पंतप्रधानांचें विशेष पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांस मिळालें, त्यांत आपला वाशिम होता. तें कां द्यावें लागलें, हें लिहिण्याची आवश्यकता नाहीं. त्यांतील कित्येक घरांत कर्जाचा आंकडा बायकोस व मुलांस मागाहून कळला. ज्या घरांत आंकडा सर्वांना ठाऊक असतो, तेथें लग्नाचा मांडव आपोआप लहान होतो आणि एकट्या माणसाच्या डोक्यावरील ओझें वांटलें जातें.

सरकारचें वर्ष १ एप्रिलला व महसुलाचें १ ऑगस्टला सुरू होतें. शेतकऱ्याचें वर्ष पाडव्यास, सालगडी ठरतो त्या दिवशीं सुरू होतें. आपल्या पूर्वजांनीं वर्षाचा आरंभ पेरणीपाशीं धरला नाहीं, पेरणीच्या तयारीपाशीं धरला. गेलेली रब्बी परत येणार नाहीं. परंतु रोहिणी निघण्यापूर्वीं धुरा बांधलेला, बीं पारखलेलें आणि घरचा हिशेब घरांत सर्वांना ठाऊक, एवढें साधलें तरी पुढचा खरीप उधारीच्या दारांतून सुरू होणार नाहीं. सभासद बंधूंनीं याचा अवश्य विचार करावा.