एक किल्ली, अनेक कुलुपे

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडसारख्या तालुक्याच्या गावीही आज विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, शेतकऱ्याचा सात-बारा आणि खाजगी नोकरीतील कारकुनाचा भविष्य निर्वाह निधी संगणकाच्या दारातूनच हाती येतो. दारोदारी निराळा परवलीचा शब्द लक्षात ठेवण्याचा जाच टळावा, म्हणून एकाच ओळखीवर अनेक सेवांत प्रवेश देणारी व्यवस्था रूढ झाली. केंद्र सरकारची 2022 मधील ‘मेरी पहचान’ योजना याच हेतूची. सोय मोठी आहे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो या सोयीची किंमत कोणी मोजावयाची, हा.

या व्यवस्थेत ओळख पटविणारी संस्था नागरिकाची खातरजमा करून सही-शिक्क्याचा दाखला देते आणि सेवा देणाऱ्या संस्था त्यावर विसंबून दार उघडतात. दाखला अस्सल आहे काय, तो याच सेवेसाठी दिलेला आहे काय, त्याची मुदत संपली तर नाही ना, हे तपासणे त्यांचे कर्तव्य होय. पण दाखला देणाराच चुकला तर ही तपासणीही व्यर्थ ठरते. 2018 मध्ये फेसबुकच्या सुमारे तीन कोटी खात्यांचे असे दाखले चोरीस गेले. 2020 मध्ये ॲपलच्या व्यवस्थेत परक्याच्या ई-मेल पत्त्यावरही दाखला मिळू शकतो, हे एका भारतीय संशोधकाने दाखवून दिले. त्याच वर्षी आपल्या डिजिलॉकरमधील प्रवेशाचा दोषही उघड होऊन दुरुस्त करण्यात आला.

एकच किल्ली हरवली की सारीच कुलुपे उघडी पडतात. बचत संस्थेची आणि नुकसान नागरिकाचे, अशी विभागणी असेल, तर सुरक्षिततेवर पुरेसा खर्च करण्याची निकड संस्थेला भासणार नाही, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने बँकांपुरता हा तोल सावरला. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसरीकडचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर भार पडणार नाही, असे तिने ठरविले. हाच दंडक ओळख पटविणाऱ्या संस्थांनाही लागू झाला पाहिजे.

सेवा केंद्रातील चालकाच्या हाती मोबाईल सोपवून मोकळे होण्याची सवय नागरिकांनी सोडावी, हे खरेच. परंतु भक्कम कुलूप बसविण्याची जबाबदारी किल्ली वापरणाऱ्यावर ढकलता येणार नाही.