तपकिरीला नावं ठेवू नका

आषाढात रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीतून पाहिलं की रोपवेचा दोर ढगात शिरतो आणि पुढे दिसेनासा होतो. अशाच एका संध्याकाळी घरी आलेली पाहुण्यांची पोरं खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या झोआ प्रवाळांचे हिरवे-केशरी रंग बघून हरखली होती. तेवढ्यात वीज गेली. पंप इन्व्हर्टरवर चालू राहिले, टाकीचे निळे दिवे विझले. मोबाइलचा टॉर्च मारला तर सगळी वसाहत मातकट तपकिरी, कडेला जेमतेम हिरवट. ‘काका, मेलं का हे?’

मेलं नव्हतं. तो तपकिरी रंग प्रवाळाच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाचा, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघराचा. उजेड कमी पडला किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की शैवाल दाटतं आणि प्रवाळ तपकिरी दिसतो. चमकणारा हिरवा रंग मात्र प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचा. ती 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळून हिरवा बाहेर टाकतात. गुलाबी-जांभळी रंगद्रव्यं चमकत नाहीत. ती जादा उजेड अडवतात, आणि बऱ्याच जातींत निळ्या प्रकाशातच जोमाने तयार होतात. म्हणजे निळा दिवा रंग दाखवतोही आणि घडवतोही. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, आणि दुकानातला निळा झगमगाट पाहून पैसे मोजतो.

रंगासाठी उजेड वाढवायचा तर बेताने. मी टी-फाइव्हच्या नळ्या काढून एलईडी लावले, तेव्हा पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीवर सोडले. आठवड्यात एक वसाहत पांढरी पडली. वॅट सारखेच होते, पण प्रवाळाला वॅट कळत नाहीत. त्याच्यापर्यंत किती पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड) पोचतो, तेवढंच त्याला कळतं. झोआ आणि मशरूम प्रवाळांना 50 ते 150 पुरतो. निम्म्या ताकदीवर सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत चढत जावं. पाणी पोषणाच्या बाबतीत अगदी कोरडं असेल तर तेही करू नये. तिथे येणारा फिका ‘पेस्टल’ रंग ही बहुतेकदा उपासमार असते.

आपल्याच समुद्रात पाहा. विजयदुर्गपासून शंभर-एक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे. तिचा माथाच वीसेक मीटर खोल. स्वच्छ पाण्यात तिथवर लाल प्रकाश जवळपास पोचतच नाही, निळा पोचतो. आपले निळे दिवे नक्कल करतात ती अशा पाण्याची. उलट मालवणच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळ उथळ, गढूळ, हिरवट पाण्यात, पावसाळ्यात तर गाळातच जगतात. टर्बिनेरिया हा कठीण प्रवाळ तिथे चांगला पसरतो. दिसायला तपकिरी-करडा, आणि ठणठणीत. आपल्या टाकीत तो असता तर आपण ‘रंग येत नाही’ म्हणून दिवा बदलला असता! (तो टाकीत आणायचा मात्र नाही. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलणंही महागात पडेल.)

तेव्हा या अंकापासून ‘वाचकांची टाकी’ सदरात फक्त पांढऱ्या उजेडात काढलेले फोटो छापू. सोबत वसाहतीपाशी मोजलेला पार, दिवे रोज किती तास चालतात ते, आणि नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे लिहा. निळ्यातला फोटो हौसेने पाठवायचा तर जोडीने पाठवा. तपकिरी टाक्यांना पहिलं पान राखून ठेवलं आहे.