मूल ही मिळकत नव्हे

अज्ञान मुलाच्या संगोपनाच्या वादाला आपल्या न्यायालयीन मराठीत 'ताबा' हा शब्द रूढ आहे. शेताचा ताबा, घराचा ताबा, गहाण दागिन्यांचा ताबा, आणि मुलाचाही ताबा! शब्द उगाच रूढ होत नाहीत. त्यांच्यामागे समाजाची दृष्टी उभी असते. शेताच्या बांधाकडे ज्या दृष्टीने पाहावयाचे, त्याच दृष्टीने विभक्त होणाऱ्या दांपत्याच्या मुलाकडे आपण पाहतो. हा दोष समाजाचा खरा. परंतु आमच्या वकीलवर्गाचा त्याहून अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घटस्फोटाविरुद्ध आमची तक्रार नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. गोमंतकात १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने ती वाट खुली झाली व मुक्तीनंतरही तेथील कौटुंबिक कायदा कायम राहिला. उर्वरित भारतात १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम आला व १९७६ साली त्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची भर पडली. दोन सज्ञान माणसांना एकत्र राहणे अशक्य झाले, तर त्यांनी एकमेकांची बेअब्रू न करता दूर व्हावे, यात सभ्यताच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. संमतीपत्रावर सह्या दोघांच्या असतात. पण त्यातील निम्मी कलमे तिसऱ्याच्या आयुष्याविषयी असतात. त्या तिसऱ्याची संमती कोणी घेतली?

हा मसुदा कसा सिद्ध होतो, ते पाहावे. मूल आपल्याजवळ राहावे म्हणून पत्नी पोटगीवर पाणी सोडते, प्रसंगी स्त्रीधनही सोडते. ज्या पित्याने मुलाला एक दिवसही शाळेत पोहोचविले नाही, तो एकाएकी मुलावर हक्क सांगू लागतो. कारण हक्क सांगितला की पोटगीचा आकडा खाली येतो. उलट बाजूसही असेच घडते. रक्कम वाढवून मिळावी म्हणून पित्याच्या भेटी अडविल्या जातात. मग दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, मिटवामिटवी होते, आणि सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात. बाजारात याला सौदा म्हणतात. कचेरीत त्यालाच तडजोड म्हणावयाचे काय?

कायद्याने असा सौदा मान्य केलेला नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० अन्वये अपत्याचे पोषण करण्याचे दायित्व माता व पिता या दोघांवरही आहे. ते अपत्याचे येणे आहे. आईने आपल्या सहीने सोडावे असे ते तिचे धन नव्हे. त्याच वर्षीच्या अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे कलम १३ सांगते की अज्ञानाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार होय. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत व खेळणीही नव्हेत, आणि त्यांच्याविषयीचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवले आहे. गीता हरिहरन यांच्या १९९९ च्या खटल्यात, पिता हयात असतानाही माता नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्णय झाला. तत्त्वांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो ती पाळण्याच्या वृत्तीचा.

राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आमच्या वाचकांना याची आणखी एक बाजू चांगलीच परिचित असेल. पालक व पाल्य अधिनियम, १८९० प्रमाणे, अज्ञान मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणून सल्ला दिला जातो, "आधी मूल घेऊन या, दाव्याचे मग पाहू." बेळगावचे मूल कोल्हापुरास येते किंवा कोल्हापूरचे बेळगावास जाते. अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे. परंतु मध्ये राज्याची सीमा असल्यामुळे दावा एकीकडून दुसरीकडे वर्ग करण्यासाठी थेट दिल्लीस, सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. इंदूर व बडोदे यांच्यामधील कुटुंबांचीही हीच गत. पळवून नेलेल्या मुलाचा मुक्काम म्हणजे वास्तव्य नव्हे, हे न्यायालये जाणतात. पण ते सिद्ध होईतो शाळेचे वर्ष उलटते. नंतर तोच पक्ष साळसूदपणे म्हणतो, "मूल आता येथे रुळले आहे, त्याला हलवू नये." अपराधानेच स्वतःसाठी पुरावा निर्माण करावा, असा हा प्रकार!

आमच्यावर आक्षेप येईल की, सौदा मोडला तर खटला वर्षानुवर्षे चालेल, आणि मुलाचेच अधिक हाल होतील. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच आहे. आम्ही तडजोड मोडा असे म्हणत नाही. पैशाची तडजोड पैशाच्या मोबदल्यात करा, एवढेच म्हणतो. भेट नाकारण्याच्या धमकीवर उभी राहिलेली तडजोड पहिल्याच दिवाळीच्या सुटीत कोसळते व पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त संगोपनाच्या शिफारशी केल्या. त्या अद्याप कायद्यात उतरलेल्या नाहीत. तोवर वकिलांना इतके निश्चित करता येईल: मुलाविषयीची कलमे पैशाच्या कलमांपासून अलग लिहावीत. भेटीचे वार, सुट्या, सण, शाळेचा खर्च, आजारपण यांचा तपशील नमूद करावा. 'सोयीनुसार भेट' असे मोघम लिहू नये. मूल उचलून आणण्याचा सल्ला देणे व्यवसायधर्माला लांच्छन मानावे. आणि न्यायाधीशांनी सह्या पाहून समाधान न मानता, मूल समजत्या वयाचे असल्यास त्याच्याशी एकांतात बोलावे. त्याची इच्छा विचारात घेण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे.

घटस्फोटाने पती व पत्नी ही नाती संपतात. माता व पिता ही नाती संपविण्याचा अधिकार कोणत्याही संमतीपत्राला नाही. हे ज्या वकिलास आपल्या पक्षकारापुढे स्पष्टपणे बोलता येत नसेल, त्याने शेताबांधाचेच दावे चालवावेत; तेथे 'ताबा' हा शब्द शोभतो.