रुग्णाचे शब्द केसपेपरवर यावेत

मानसविकारात रुग्णाचा अनुभव हाच प्रमुख पुरावा होय. तो रुग्णाच्याच कथनातून जाणून घ्यावा, असा आग्रह कार्ल यास्पर्स यांनी १९१३ साली धरला. चरकसंहितेत उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचे विभ्रम सांगितले आहेत. यांतील भक्ती, म्हणजे आवड, प्रश्नपरीक्षेवाचून कशी कळणार?

परंतु आम्हीच चुकलो. ‘रात्री स्वतःचेच घर परके वाटते,’ असे एका रुग्णेने सांगितले. आम्ही ‘अनिद्रा’ एवढेच लिहून औषध दिले. तिसऱ्या खेपेस सविस्तर विचारले, तेव्हा आत्मघाताचे विचार बाहेर आले. तिला तत्काळ मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. मात्र आधीच्या दोन खेपा आम्ही वाया घालविल्या होत्या.

संशोधनातही तेच घडते. चित्तोद्वेगावरील प्रबंधांत १९५९ ची हॅमिल्टन मापनश्रेणी वापरतात. श्रेणीचे गुण उतरले तरी रुग्णाला काय वाटते, हे त्यातून पूर्णपणे कळत नाही. गुणांसोबत त्याचे कथनही नोंदवावे.

वैद्यबंधूंनी केसपेपरवर रुग्णाचे एक तरी वाक्य जसेच्या तसे लिहावे. औषधी दुकानदारांनीही झोपेचे औषध मागणाऱ्याची आस्थेने चौकशी करावी व शंका येताच त्यास वैद्याकडे पाठवावे, ही विनंती.