लेणी उभी आहेत, म्हणून काय सिद्ध झाले?

हिंगोली परिसरात 2024 मध्ये, 21 मार्च आणि 10 जुलैला, 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. अशा वेळी मराठवाड्यात धीर देणारे दोन युक्तिवाद पुढे येतात. पहिला : अजिंठ्याची लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, आपला काळा कातळ हलत नसतो. दुसरा : लहान धक्के बसलेले बरे, जमिनीतला ताण निघून जातो.

पहिल्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. चित्रांखालचा मातीचा गिलावा सुमारे दीड हजार वर्षे भिंतींना धरून राहिला, त्यावरून तिथे फार प्रचंड हादरा बसला नसावा, असे म्हणता येईल. कॅलिफोर्नियात जेमतेम तोल सांभाळून उभ्या असलेल्या शिळांवरून शास्त्रज्ञ असेच अनुमान काढतात. पण भूपट्टाच्या पोटातल्या भेगांच्या हिशेबात दीड हजार वर्षे म्हणजे फार थोडा काळ. शिवाय लेणे कोणी रचलेले नाही. ते अखंड खडकातून कोरले आहे. निखळायला त्यात रचलेल्या दगडांचे सांधेच नाहीत.

लेणी टिकली म्हणजे भूकंप होत नाही असे नाही, याचा पुरावा हवा असेल तर औसा तालुक्यात जावे. तिथली खरोसा लेणी साधारण सहाव्या शतकातली. किल्लारी त्याच तालुक्यात. 1993 च्या अनंत चतुर्दशीला खरोशाकडे बोट दाखवून कोणी 'इथे भूकंप होत नाही' म्हटले असते, तर तेव्हाच्या सरकारी नकाशानेही मान डोलावली असती. तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. विसर्जन आटोपून लोक झोपले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. लेणी मात्र आजही आहेत. माणसे मेली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून.

दुसरा युक्तिवाद दिसायला शास्त्रीय, म्हणून अधिक घातक. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. किल्लारीची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. तेवढी ऊर्जा 4.5 च्या धक्क्यांनी निघायची, तर असे साडेतीनशे धक्के लागतील. आणि किल्लारीत ऑक्टोबर 1992 पासूनच लहान धक्के बसत होते. त्यांनी कोणता ताण घालवला?

काही भेगा धक्का न देता मुकाट्याने सरकतात आणि थोडा ताण सोडतात, हे खरे आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याखाली साधारण दर चौदा महिन्यांनी असे मंद सरकणे काही आठवडे चालते. उपग्रहांवर आधारित जीपीएस यंत्रांना ते कळते, झोपलेल्याला कळत नाही. पण तिथला ताण संपत नाही, तो शेजारच्या अडकलेल्या भागावर चढतो. जपानमध्ये 2011 च्या महाभूकंपापूर्वी असे मंद सरकणे नोंदले गेले होते. शिवाय ही उदाहरणे भूपट्टांच्या सीमांवरची आहेत. दख्खन सीमेपासून दूर आहे, इथली हालचाल इतकी संथ की मोजणेही अवघड. तिथले निष्कर्ष इथे दिलासा म्हणून वापरू नयेत.

मग धरायचे काय? मोजणी आणि भिंत. कोयनेत 11 डिसेंबर 1967 ला सव्वासहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हाच दख्खन अचल असल्याचा समज मोडायला हवा होता. तिथे पुढे अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विंधण घेतले गेले. तसे गावोगाव होणार नाही, पण घर तपासता येते. अजिंठा, फर्दापूर, सोयगाव परिसरातल्या ग्रामपंचायतींनी जुनी माळवदाची घरे आणि दगडी शाळा अभियंत्याला दाखवाव्यात. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आहेत का, कोपरे एकमेकांत गुंफले आहेत का, छतावर किती माती साठली आहे, एवढे तरी या उन्हाळ्यात पाहून घ्यावे.